जीपार्टेड लाइव्ह : गावातल्या विजेवर चालणाऱ्या संगणकासाठी किती भरवशाचे?

घरच्या संगणकातील हार्ड डिस्कची पार्टिशने, म्हणजे सी, डी अशा ड्राइव्हच्या रूपाने दिसणारे तिचे वेगळे भाग, लहान-मोठी करण्यासाठी आज जी साधने मिळतात, त्यांपैकी जीपार्टेड लाइव्ह या मोफत साधनाचे हे परीक्षण आहे. दारव्हा आणि दिग्रस तालुक्यांतील गावांत नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे आणि ओळखीच्या शिक्षकांचे संगणक मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे. या भागात बिघडलेला संगणक दाखवायचा तर यवतमाळ गाठावे लागते आणि गेलेला डेटा परत मिळवायचा तर थेट नागपूर. त्यामुळे पार्टिशनच्या कोणत्याही साधनाकडे मी एकाच प्रश्नातून पाहतो : हाती घेतलेले काम मध्येच अर्धवट राहिले तर काय होईल, आणि तसे होण्याचा धोका असेल तर ते साधन आपल्याला आधीच किती थांबवते? या कसोटीवर जीपार्टेड मला इतर साधनांपेक्षा उजवे वाटते. तरीही त्यातील एक क्रिया अशी आहे की, ती गावातल्या विजेवर शक्यतो करूच नये असे मी सांगेन.

मुळात ही गरज पडते ती सी ड्राइव्ह भरल्यामुळे. आपल्याकडील घरांत असलेले बरेच संगणक असेंबल केलेले किंवा शहरातील एखाद्या कार्यालयातून निघालेले जुने असतात, आणि ते बसवून देणाऱ्याने ५०० जीबीच्या किंवा १ टीबीच्या डिस्कचे तीन तुकडे करून सी ड्राइव्हला ६० ते १०० जीबी देऊन ठेवलेले असतात. विंडोज ७ च्या काळात ही वाटणी पुरेशी होती. विंडोज १० आल्यावर अपडेट साठत गेले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार संपल्यानंतर विंडोज ११ कडे वळणाऱ्यांना कळले की तिला किमान ६४ जीबी क्षमतेची डिस्क लागते आणि प्रत्यक्ष वापरात त्याहून बरीच जास्त जागा मोकळी असावी लागते. मग चित्र असे दिसते की सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली, शेजारच्या डी ड्राइव्हमध्ये ३०० जीबी रिकामे, आणि सातबाऱ्याची पीडीएफ उतरवून घ्यायलाही संगणक जागा नसल्याचे सांगतो.

अशा वेळी विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट हे साधन आयते हाताशी असते, आणि त्याने काम होत असेल तर दुसरे काहीही डाउनलोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्या दोन मर्यादा सर्वांनाच अडवतात. पहिली म्हणजे सी ड्राइव्हवर उजवी कळ दाबल्यावर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय पुसट दिसतो आणि निवडताच येत नाही. याचे कारण असे की हे साधन सी ड्राइव्हला जागा देऊ शकते ती फक्त तिच्या लगेच उजवीकडे मोकळी असलेलीच. सी आणि डी ही लागून असलेली दोन वावरे धरली, तर सीला जागा हवी म्हणजे मधला धुरा पुढे सरकवायला हवा. डिस्क मॅनेजमेंट डीमधून जी जागा सोडवून देते ती मात्र डीच्या पलीकडच्या टोकाला असते, आणि तिचा सीला काहीच उपयोग नसतो. अनेक जण डी लहान करतात, पुसट पर्याय तसाच राहिलेला पाहतात आणि सॉफ्टवेअर बिघडले असे समजतात. प्रत्यक्षात ते बिघडलेले नसते. डीची सुरुवात हलवणे हे त्याच्या कामातच बसत नाही.

दुसरी मर्यादा ‘श्रिंक’ करताना, म्हणजे ड्राइव्ह लहान करताना, दिसते. ड्राइव्हमध्ये २०० जीबी रिकामे असतानाही हे साधन जेमतेम काही जीबीच सोडवता येतील असे सांगते. ड्राइव्हच्या शेवटच्या भागात एखादी अशी फाइल बसलेली असते की जी विंडोज चालू असताना जागची हलत नाही : पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल (बंद करताना चालू कामाची स्थिती साठवणारी), सिस्टिम रिस्टोअरचे साठे (जुन्या स्थितीत परतण्यासाठीचे) किंवा एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-मांडणी पद्धतीची स्वतःची मुख्य नोंदवही. कोणती फाइल आडवी आली हे शोधायचे असेल तर विंडोजच्या घडामोडींची नोंद दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन या नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद पाहावी. तिथे त्या शेवटच्या फाइलचे नाव लिहिलेले असते. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून तोच आकडा तपासला तर तो बहुधा वाढलेला दिसतो, आणि काम उरकल्यावर या तिन्ही गोष्टी पूर्ववत सुरू करता येतात. एवढ्यावर भागले तर पुढचे काही करण्याची गरज नाही.

नव्या संगणकांत आणखी एक अडचण असते ती सी ड्राइव्हच्या शेजारी असलेल्या, विंडोजच्या दुरुस्तीची सोय ठेवणाऱ्या रिकव्हरी पार्टिशनची. विंडोज नव्याने बसवताना हे छोटे पार्टिशन सीच्या लगेच पुढे तयार होते, आणि मग पलीकडे कितीही मोकळी जागा असली तरी ती सीला लागून राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या केबी ५०३४४४१ या विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटला या रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ती नसल्यामुळे जगभरातील असंख्य संगणकांवर ते अपडेट अयशस्वी झाले आणि मायक्रोसॉफ्टला हे पार्टिशन हाताने मोठे करण्याची कृती प्रसिद्ध करावी लागली. तोवर ज्यांनी पार्टिशन हा शब्दही कधी ऐकला नव्हता, अशा घरांतही तेव्हा तो पोहोचला. हे पार्टिशन सरसकट पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला मान्य नाही. विंडोज सुरूच होईनासे झाले तर दुरुस्तीची पहिली सोय तिथेच असते.

डिस्क मॅनेजमेंटने हात टेकल्यावर लोक सहसा मोफत म्हणून जाहिरात केलेले एखादे पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवतात. अशा एका सॉफ्टवेअरचा मला आलेला अनुभव नाव न घेता नोंदवतो : त्याने सगळी वाटणी पडद्यावर करून दाखवली, नवे आकार रंगीत पट्ट्यांत मांडले, आणि ‘अप्लाय’ दाबल्यानंतर ही क्रिया सशुल्क आवृत्तीतच होईल असे सांगितले. पैसे मागण्याला माझा आक्षेप नाही, कारण अशा साधनामागे मेहनत असते. पण कोणती क्रिया मोफत आणि कोणती सशुल्क हे वापरणाऱ्याला सुरुवातीलाच कळले पाहिजे. याहून गंभीर बाब अशी की काम फसल्यावर त्या सॉफ्टवेअरने फक्त एक क्रमांक दाखवला, आणि त्या क्रमांकाचा अर्थ ग्राहक सेवेला विचारल्याशिवाय समजण्याचा मार्ग ठेवला नाही. ज्याच्या घरी इंटरनेट म्हणजे मोबाइलचे हॉटस्पॉट आहे आणि संगणक सुरू होत नाही, त्याने त्या क्रमांकाचे काय करायचे?

जीपार्टेडचा वेगळेपणा इथे जाणवतो. ग्नोम पार्टिशन एडिटर असे त्याचे पूर्ण नाव असून ते २००४ पासून उपलब्ध आहे, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मुक्त आहे आणि लिबपार्टेड या पार्टिशन हाताळणाऱ्या तयार प्रोग्रॅम-संचावर (लायब्ररीवर) चालते. त्याची लाइव्ह आवृत्ती डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली असून डाउनलोडचा आकार अर्धा जीबीच्या आसपास आहे, म्हणजे मोबाइलच्या एका दिवसाच्या डेटात ती आरामात उतरते. रुफस किंवा व्हेंटॉय हे पेनड्राइव्ह तयार करणारे साधन वापरून ती पेनड्राइव्हवर घ्यायची, संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, आणि विचारलेल्या प्रश्नांना मूळ पर्याय स्वीकारत गेले की सरळ जीपार्टेडची खिडकी उघडते. हार्ड डिस्कवरील विंडोज त्या वेळी चालू नसल्यामुळे ज्या फाइली डिस्क मॅनेजमेंटला आडव्या येतात त्यांतील बऱ्याच इथे हलवता येतात. केलेले बदल लगेच अमलात येत नाहीत. ते खाली यादीत साठत जातात, आणि ‘अप्लाय’ दाबेपर्यंत त्यांतील प्रत्येक बदल मागे घेता येतो. एनटीएफएस पार्टिशन लहान करताना तर ते आधी फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी आणि नोंद, तपासते, मग तीच क्रिया काहीही न लिहिता लटकी करून पाहते, आणि ती निर्विघ्न पार पडली तरच खरी क्रिया हाती घेते. ही सावधगिरी मला या साधनाचा सर्वांत मोठा गुण वाटते.

नवख्या माणसाला सर्वप्रथम अडवतो तो पार्टिशनच्या नावाशेजारी दिसणारा पिवळा त्रिकोण. त्या ओळीवर उजवी कळ दाबून ‘इन्फर्मेशन’ उघडले की कारण पूर्ण वाक्यांत वाचायला मिळते, आणि आपल्याकडील संगणकांत ते बहुतेक वेळा दोनपैकी एक असते. एक म्हणजे विंडोज पूर्ण बंद झालेले नसते. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावरही ते अर्धवट हायबरनेट होते, आणि अशा स्थितीतील फाइल सिस्टिमला हात लावायला जीपार्टेड तयार होत नाही. विंडोजमध्ये परत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे, किंवा शिफ्टची कळ दाबून ठेवून ‘शट डाउन’ करावे, म्हणजे तेवढ्या वेळेपुरते ते खरोखर बंद होते. दुसरे कारण असे की मागे कधीतरी लाइन अचानक गेल्यामुळे फाइल सिस्टिमवर तपासणी बाकी असल्याची खूण लागलेली असते. त्यासाठी विंडोजमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील टूल्स या भागातून एरर चेकिंग करून घ्यावे आणि मगच परत यावे. हा त्रिकोण डावलून सक्तीने पुढे जाण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सांगितल्या जातात. जीपार्टेड तिथे थांबते ते योग्य कारणासाठीच थांबते, म्हणून त्या युक्त्या कोणीही वापरू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नावाशेजारी किल्लीचे चित्र दिसले तर ते पार्टिशन त्या क्षणी वापरात आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. ज्या संगणकात जुने लिनक्सही आहे तिथे त्यातील स्वॅप (रॅमला जोड म्हणून वापरायचे पार्टिशन) लाइव्ह वातावरणाने आपोआप सुरू केलेले असते, आणि त्यामुळे त्याला सामावणारे संपूर्ण एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात इतर पार्टिशने ठेवणारे) अडकून राहते. उजवी कळ दाबून ‘स्वॅपऑफ’ किंवा ‘अनमाउंट’ निवडले की किल्ली जाते.

खरा गोंधळ ड्राइव्ह ओळखण्यात होतो. जीपार्टेडला सी, डी ही अक्षरे माहीत नाहीत. ते एसडीए १, एसडीए २ अशी नावे दाखवते, आणि एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारची) डिस्क असेल तर नाव आणखी लांब होते. एकाच आकाराची दोन पार्टिशने असली तर कोणते कोणाचे हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून विंडोजमध्ये असतानाच प्रत्येक ड्राइव्हला ‘विंडोज’, ‘घरचे फोटो’, ‘शाळा’ अशा अर्थाची रोमन लिपीतील लेबले देऊन ठेवावीत, आणि भरलेली जागा किती आहे हे कागदावर लिहून घ्यावे. पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क याही त्याच यादीत दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

आता ज्या संदेशांपाशी थांबलेच पाहिजे त्यांविषयी. वाचताना किंवा लिहिताना ‘इनपुट आउटपुट एरर’ आली, तर दोष पार्टिशनच्या वाटणीत नसून डिस्कमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा वीजपुरवठ्यात असतो. डिस्कची साटा केबल काढून घट्ट बसवून पाहावी, आणि तरीही तोच संदेश आला तर डिस्क स्वतःच्या तब्येतीविषयी ठेवते ती ‘स्मार्ट’ माहिती वाचावी. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ती सोप्या रीतीने दाखवते. त्यातील ५ क्रमांकाची नोंद बदलून टाकलेल्या सेक्टरांची (डिस्कवरील लहान कप्प्यांची) आणि १९७ क्रमांकाची नोंद वाचता न येणाऱ्या, निर्णय बाकी असलेल्या सेक्टरांची असते. दुसऱ्या नोंदीतील कच्चा आकडा शून्याच्या वर असेल तर अशा डिस्कवर पार्टिशन सरकवणे म्हणजे प्रत्येक सेक्टर तिच्याकडून बळजबरीने वाचून घेणे होय. आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवावीत आणि नवी डिस्क घ्यावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी हे काम सुरू केले तर तासभर सतत लिहिणारी डिस्क तिच्या उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेजवळ पोहोचते. घरगुती हार्ड डिस्कसाठी ती साधारणपणे ६० अंश असते. उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे. कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नये, कारण त्या हवेत ओल असते.

याहून घाबरवणारा प्रकार असा की जीपार्टेड उघडताच संपूर्ण डिस्क एकच मोकळी जागा म्हणून दिसते, मात्र विंडोज त्याच डिस्कवर व्यवस्थित चालत असते. पार्टिशनच्या सीमा लिहिलेल्या वाटणीच्या तक्त्यात लिबपार्टेडला न पटणारी नोंद सापडली की असे होते : दोन पार्टिशने एकमेकांवर चढलेली असतात, किंवा शेवटच्या पार्टिशनचा शेवट डिस्कच्याही पुढे गेलेला असतो. जुन्या डिस्कची नक्कल किंचित लहान डिस्कवर उतरवल्याने किंवा एखाद्या दुसऱ्या साधनाने सीमा चुकीच्या लिहिल्याने हा दोष येतो. या वेळी डेटा जागच्या जागी असतो, आणि म्हणूनच ‘डिव्हाइस’ या यादीतील ‘क्रिएट पार्टिशन टेबल’ ला स्पर्शही करू नये. ती आज्ञा जुना तक्ता पुसून कोरा तक्ता लिहिते. तिच्यासोबत तशी सूचना येते, पण अडलेला माणूस सूचना वाचत नाही. जीपार्टेडच्या कर्त्यांनी ही आज्ञा दोन पायऱ्या मागे, डिस्कचे नाव टाइप करून घेतल्याशिवाय उघडू नये अशा ठिकाणी ठेवायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. या साधनातील हे सर्वांत धोक्याचे ठिकाण आहे.

जीपीटी या वाटणीच्या नव्या प्रकारच्या तक्त्याविषयीचे दोन संदेश मात्र दिसतात तेवढे गंभीर नसतात. जीपीटी आपली एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटी ठेवते. २४० जीबीच्या एसएसडीची नक्कल ५०० जीबीच्या एसएसडीवर घेतली की दुसरी प्रत शेवटी न राहता मध्येच अडकते, आणि सर्व जागा वापरात नाही, तक्ता दुरुस्त करू का, असे जीपार्टेड विचारते. नक्कल नीट झालेली आहे याची खात्री असेल तर ‘फिक्स’ निवडावे. दुसरी प्रत योग्य जागी जाते आणि उरलेली जागा दिसू लागते. मागची प्रत खराब असून पुढची ठीक आहे, हा संदेशही याच जातीचा आहे. जुन्या एमबीआर तक्त्यावर मात्र वेगळी भिंत आहे : तिथे चारच प्रायमरी (मुख्य) पार्टिशने बसतात, आणि ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर २.२ टीबीच्या पुढची जागा मोजताच येत नाही. पाचवे पार्टिशन करू पाहणाऱ्याला विंडोज कधी कधी डिस्क ‘डायनॅमिक’ करू का असे विचारते; त्याला होकार देऊ नये, कारण तशी डिस्क पुढे जीपार्टेडला हाताळता येत नाही.

गावातल्या विजेवर शक्यतो करू नये असे सुरुवातीला म्हटले, आता त्या एका क्रियेकडे येतो. जीपार्टेडमध्ये पार्टिशनची डावी कड ओढली की ‘मूव्ह’ होते, म्हणजे आतील मजकूर ठोकळ्या-ठोकळ्याने उचलून नव्या जागी लिहिला जातो. डी ड्राइव्हची सुरुवात पुढे नेऊन सीला जागा करून द्यायची तर हेच करावे लागते. जीपार्टेड हे सरकवताना पार्टिशनचा भरलेलाच भाग न नेता सगळाच भाग नेते, रिकामे ठोकळे धरून. एकाच फिरत्या डिस्कवर वाचणे आणि लिहिणे दोन्ही चालू असताना सेकंदाला ४० एमबीचा वेग धरला, तर ४०० जीबीच्या डीला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. वाचन-लेखनात चूक आढळली तर जीपार्टेड केलेले परत फिरवण्याचा प्रयत्न करते, पण वीज गेली तर परत फिरवायला तेच जिवंत नसते. अर्धा मजकूर नव्या जागी, अर्धा जुन्या जागी, आणि दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या, अशा अवस्थेतून तो बाहेर काढणे टेस्टडिस्कसारख्या, हरवलेली पार्टिशने शोधणाऱ्या साधनालाही जमेलच असे नाही.

आमच्या शेजारच्या काकाजींनी हे काम सुरू करण्याआधी नेमके हेच विचारले होते : ‘‘भाऊ, मंधात लाइन गेली त काय होईन?’’ पार्टिशनविषयी विचारता येईल असा याहून योग्य प्रश्न मला माहीत नाही. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस घरच्या संगणकाला फार तर दहा-पंधरा मिनिटे तारून नेतो, आणि तेवढा वेळ संगणक नीट बंद करण्यासाठी पुरेसा असला तरी मूव्हसाठी तो काहीच नाही. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चांगली असेल तर तास निघतात, पण त्याची कळ यूपीएसच्या स्थितीत नसेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर येण्याच्या क्षणातच संगणक पुन्हा सुरू होण्याचा धोका राहतो. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्यासाठी पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, जूनमध्ये वादळी पावसाने तारा तुटतात; हा सगळा हिशेब शहरात बसून साधन लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसणे स्वाभाविक आहे, म्हणून तो आपणच करायला हवा. चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर ही क्रिया तुलनेने सुरक्षित आहे.

तरीही डेस्कटॉपवर मूव्ह करावेच लागले तर वेळ कमी करण्याचा एक मार्ग आहे, आणि तो मी सर्वांना आवर्जून सांगतो. डीमध्ये ९० जीबीच मजकूर असेल तर आधी ते पार्टिशन उजवीकडून १०० जीबीपर्यंत लहान करून तेवढीच क्रिया अमलात आणावी, मग ते १०० जीबीचे पार्टिशन सरकवावे आणि शेवटी मोठे करावे. वर धरलेल्या वेगाने सरकवण्याचा वेळ पावणेतीन तासांवरून पाऊण तासाच्या आत येतो. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे ‘अप्लाय’ केल्यामुळे दोन टप्प्यांच्या मध्ये थांबून विजेचा अंदाजही घेता येतो. सी ड्राइव्हची स्वतःची सुरुवात मात्र कधीही सरकवू नये, कारण त्यानंतर विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते. आकार बदलून झाल्यावर विंडोज लगोलग दोनदा सुरू करावे. पहिल्या वेळी ते फाइल सिस्टिमची तपासणी स्वतःहून करते, आणि ती अर्ध्यावर थांबवू नये.

मला स्वतःला याहूनही पसंत असलेली पद्धत अशी की बाहेरची एक डिस्क उसनी आणावी, डीमधील सगळा मजकूर तिच्यावर उतरवावा, काही फाइली उघडून तो नीट वाचता येतो याची खात्री करावी, डी पुसावी, सी वाढवावी आणि उरलेल्या जागेत नवी डी करून मजकूर परत आणावा. हे सगळे डिस्क मॅनेजमेंटने होते. उतरवताना वीज गेलीच तर नुकसान काहीच होत नाही, कारण मूळ मजकूर जागेवर असतो. रिकव्हरी पार्टिशन आडवे येत असेल, डिस्क मॅनेजमेंट पुरेशी जागा सोडवत नसेल किंवा विंडोजच उघडत नसेल, तेव्हा जीपार्टेडची खरी गरज लागते, आणि तेव्हा त्याला माझ्या पाहण्यात तोड नाही.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने (एन्क्रिप्शनने) बंद केलेल्या पार्टिशनचा आकार ते बदलू शकत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असू शकते, त्यामुळे आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन पाहावे आणि ४८ अंकांची रिकव्हरी की लिहून ठेवावी. एक्सफॅट प्रकारच्या पार्टिशनचा आकारही ते बदलत नाही, आणि मोठे पेनड्राइव्ह बहुधा त्याच प्रकारचे असतात. एमबीआरचे जीपीटी मजकूर राखून करायचे असेल तर विंडोजमधील एमबीआरटूजीपीटी हे साधन वापरावे. आधी त्याची पडताळणीची आज्ञा द्यावी. काही इंटेल लॅपटॉपांत डिस्कच दिसत नाही, कारण बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती आरएसटी या इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या पद्धतीवर ठेवलेली असते; ती परस्पर एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर बदलली तर विंडोज उघडत नाही, म्हणून विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था आधी करून ठेवावी लागते.

जिथे जीपार्टेड अयशस्वी होते तिथे ते काय करत होते आणि कोणत्या पायरीवर थांबले याचा पूर्ण तपशील उघडून वाचता येतो, आणि ‘सेव्ह डिटेल्स’ दाबून तो फाइलमध्ये साठवताही येतो. यवतमाळच्या कारागिराला किंवा दूर असलेल्या जाणकार नातेवाइकाला दाखवण्यासाठी पडद्याच्या धूसर फोटोपेक्षा ही फाइल कितीतरी उपयोगी पडते. ती साठवताना दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठवावी, कारण लाइव्ह वातावरण संगणकाच्या स्मृतीतच चालते आणि संगणक बंद होताच त्यात ठेवलेली प्रत्येक फाइल नाहीशी होते.